डॉक्टरीणबाईंचं स्वयंपाकघर कुणी नेलं?

१

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता डॉक्टर युडिथ हेबर्ले यांनी गेटवरच्या खिडकीची काच अंगठीने टकटक वाजवली, तेव्हा क्रालबाई बटाटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. गिरणीची आलिशान लॉफ्ट-घरं झाल्यापासून जेवणाच्या वेळेला ही काच कुणी ना कुणी वाजवायचंच. कुणाचं पार्सल हरवलेलं, कुणाच्या जागेत कुणाची सायकल, कुणी कागदाच्या डब्यात बाटल्या टाकलेल्या. पाच वर्षांत क्रालबाईंनी एक बटाटा गरम खाल्ला असेल तर शपथ.

"क्रालबाई, माझं स्वयंपाकघर गेलं!"

"काय बंद पडलं? शेगडी की नळ?"

"बंद नाही पडलं हो. गेलं! चोरीला गेलं. जागेवर नाहीये!"

क्रालबाईंनी सुरी खाली ठेवली. सोळा वर्षं त्यांनी याच गिरणीत सूत तपासलं होतं आणि गिरणी बंद पडल्यावर पुढची तीस वर्षं याच आवाराची देखभाल केली होती. लाइपझिगच्या या भागात त्यांनी कोळसा चोरीला गेलेला पाहिला होता, तांब्याच्या तारा गेलेल्या पाहिल्या होत्या, एकदा तर गिरणीमालकाच्या पुतळ्याचं डोकं गेलं होतं. पण अख्खं स्वयंपाकघर?

"चला, बघू."

डॉक्टरीणबाई लिफ्टकडे गेल्या, क्रालबाई जिन्याकडे. अंगणाच्या बाजूला नव्याने चिकटवलेल्या त्या काचेच्या पेटीत उभं राहिलं की त्यांना गरगरायचं. जिना जुना, रस्त्याच्या बाजूचा, गिरणीच्या काळचा. तिसऱ्या मजल्यावर दोघी दोन टोकांनी वर आल्या आणि मधल्या जागेत समोरासमोर उभ्या राहिल्या. तिथे दोन दारं, आणि दोन्हींवर नावाची पाटी नाही. ते बघूनच क्रालबाईंचं डोकं फिरलं. सगळ्या पाट्या एकसारख्या आणि पितळी हव्यात, हा कंपनीच्या ब्रूकसाहेबांचा नियम. डॉक्टरीणबाईंच्या पाटीसाठी क्रालबाईंनी तीनदा कळवलं होतं आणि तिन्ही वेळा 'काम चालू आहे' असं उत्तर आलं होतं. समोरचा भाडेकरू टिलो वेसेल याची पाटी मात्र तो जातोय म्हटल्याबरोबर काढून नेली होती. पाटी काढायला उशीर होत नाही, लावायलाच होतो.

आत जाऊन क्रालबाई बघतच राहिल्या.

इकडे भाड्याचं घर म्हणजे चार भिंती. कितीही आलिशान असो, ओटा, कपाटं, शेगडी, बेसिन ज्याचं त्याने आणायचं आणि जाताना उचकटून न्यायचं. डॉक्टरीणबाईंनी तीन आठवड्यांपूर्वी बाटलीसारख्या हिरव्या रंगाचं स्वयंपाकघर मापाने करून घेतलं होतं, वर काळ्या दगडाचा ओटा. त्यांचं बाकी सामान अजून श्टुटगार्टहून यायचं होतं. तोवर घरात एक गादी, चार खोकी आणि ते स्वयंपाकघर, एवढाच संसार. आता तिथे उघडी पांढरी भिंत होती. पाण्याच्या नळ्यांना टोपणं लावलेली. वायरींची टोकं टेपने गुंडाळलेली. कपाटातल्या बश्या आणि मसाल्याच्या बाटल्या वर्तमानपत्रात बांधून दोन खोक्यांत खोलीच्या मधोमध ठेवलेल्या. जमिनीवर लाकडाचा भुसासुद्धा नव्हता.

"पोलीस म्हणाले, दार फोडलेलं नाही, विमा कंपनीशी बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या सहा फूट उंच होत्या, पण आवाज रडवेला झाला होता. "सोमवारी आईच्या ऑपरेशनसाठी उल्मला गेले. तीन दिवस हो! फक्त तीन दिवस!"

मग त्यांनी क्रालबाईंकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं.

"क्रालबाई, तिसरी किल्ली तुमच्याकडे होती ना?"

२

शुक्रवारी सकाळी नऊला नील्स ब्रूक आले. इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचे हे साहेब. वय अठ्ठावीस, केसांचा बुचडा आणि मार्चच्या थंडीत उघडे घोटे. अकरा इमारती त्यांच्याकडे होत्या आणि अकराही ठिकाणी ते नेहमी तीन मिनिटांसाठीच आलेले असायचे.

डॉक्टरीणबाईंच्या दारातच उभं राहून, रिकाम्या भिंतीकडे बघत त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं.

"किल्ल्या तीन. दोन डॉक्टरसाहेबांबरोबर उल्मला. तिसरी तुमच्या खुंटीवर. दार फोडलेलं नाही. मला एवढं गणित येतं, क्रालबाई."

"मंगळवारी हे स्वयंपाकघर बसवणारे क्लेम मिस्त्री खण दुरुस्त करायला येणार होते. म्हणून बाईंनीच किल्ली दिली होती. मी त्यांना आत घेतलं, काम होईपर्यंत उभी राहिले, दार लावलं आणि किल्ली पाकिटात ठेवली. स्वयंपाकघर तेव्हा जागेवर होतं."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी मी बोर्नाला बहिणीकडे असते. तीस वर्षं दर बुधवारी."

"हेच म्हणतोय मी. तुम्ही बाहेर, मिस्त्रीला घर माहीत, आणि किल्ली तुमच्या घरात. तुमचं नि मिस्त्रीचं जुनं चांगलं आहे म्हणे?"

"एका शाळेत होतो! म्हणून काय आम्ही मिळून ओटे चोरतो? आणि तुमच्या ऑफिसात किल्ली नाही कशावरून?"

"भाडेकरूला न विचारता आम्ही किल्ली ठेवूच शकत नाही, कायदा आहे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे माहीत नाही तुम्हाला?" ब्रूकसाहेबांनी घड्याळ बघितलं. "हे बघा, भोकं बुजवून, झाडून बिडून जायला वेळ लागतो. असा निवांत वेळ बाहेरच्या चोराला मिळत नाही. सोमवारी दहाला मी नोटीस घेऊन येतो. नोकरी संपली की गेटचं युनिटही रिकामं करावं लागेल."

"युनिट?"

"तुम्ही राहता ते."

दोन खोल्यांचं ते घर नोकरीला जोडलेलं होतं. लग्न होऊन त्या तिथे आल्या तेव्हा समोर गिरणीचा भोंगा वाजायचा. नवरा त्याच घरात गेला. आता आजूबाजूला अशी भाडी झाली होती की त्यांच्या पेन्शनीत या भागात कोळशाची खोलीसुद्धा मिळाली नसती. शहराच्या पार टोकाला जावं लागलं असतं, नवव्या मजल्यावर, जिथे त्या कुणाला ओळखत नव्हत्या आणि त्यांना कुणी ओळखत नव्हतं. सत्तराव्या वर्षी, आणि तेही चोर म्हणून.

त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. एक शब्द बोलतील या आशेने पाहिलं. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर कालव्याकडे बघत राहिल्या.

हे मात्र क्रालबाईंना झोंबलं. जिना उतरताना रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. राग आला की त्यांचं डोकं चांगलं चालायचं. म्हणून दुसऱ्या पायरीवरच त्या थबकल्या. सोळा वर्षं सूत तपासलेल्या बाईला गाठ कुठे बसली आहे ते बोटाला कळतं, आणि इथे काहीतरी बोटाला लागत होतं.

भोकं बुजवून? कुठली भोकं?

३

शनिवारी सकाळी त्या हार्टमूट क्लेम मिस्त्रींना त्यांच्या कारखान्यातून ओढून घेऊन आल्या. मिस्त्री यायला तयार नव्हते.

"त्या उंटिणीच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. ओटा सहा सेंटिमीटर वर घ्यायला लावला तिने! मी चाळीस वर्षं ओटे बसवतोय. म्हणे, माझी पाठ दुखते. मग म्हणे, खण कुरकुरतो. खण कुरकुरत नव्हता, तीच कुरकुरत होती."

"हार्टमूट, पोलीस तुझ्या दाराशी आले की हेच सांग त्यांना. फार उपयोग होईल."

मिस्त्री मागोमाग आले. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, दोघांना आत घेतलं आणि हाताची घडी घालून दारातच उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते भिंतीकडे गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि हाताचा तळवा भिंतीवरून हळूहळू फिरवला.

"इथे माझे अठरा स्क्रू होते," ते म्हणाले. "ये, हात लाव."

क्रालबाईंनी हात लावला. भिंत गुळगुळीत होती.

"एकूण एक भोक बुजवलंय. पुट्टी भरली, सुकू दिली, पॉलिश कागद मारला, वर रंगाचा हात दिला. एक हातभर अंतरावरून तुला दिसणार नाही. मलाही दिसलं नसतं."

"मला तर दिसलंच नव्हतं," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "मी पोलिसांनाही भोकांबद्दल काही बोलले नाही."

"म्हणजे चोर कामाचा पक्का होता," क्रालबाई म्हणाल्या.

"चोर?" मिस्त्री भडकले. "रोझविता, डोकं कुठे आहे तुझं? चोर नळीला टोपण लावतो? बश्या कागदात गुंडाळून ठेवतो? जाताना झाडू मारतो? आपण घर सोडताना करारात काय लिहिलेलं असतं? 'घर झाडून साफ परत करावे.' भोकं बुजवा, आपलं उचला, झाडा आणि जा. हे चोराचं काम नाही. हे घर सोडून जाणाऱ्याचं काम आहे!"

"पण मी घर सोडलेलं नाही!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "मी आत्ता तर राहायला आले!"

क्रालबाईंच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. या मजल्यावर घर सोडून गेलेलं माणूस एकच होतं, आणि ते समोरच्या दारामागे राहत होतं. शिवाय हाताने चाचपल्याशिवाय कळू नयेत अशी ती भोकं ब्रूकसाहेबांना दारातून कशी दिसली?

४

रविवारी या देशात खिळा ठोकायची बंदी, पण तळघरात उतरायला बंदी नाही. क्रालबाईंनी आदल्या रात्री पुरती झोप घेतली नव्हती. सकाळी चहाबरोबर त्यांनी ते पाकीट समोर ठेवलं आणि ज्या किल्लीपायी घर जायची वेळ आली होती ती पहिल्यांदा नीट बघितली. किल्लीच्या मुठीवर बारीक आकडा ठोकलेला होता. चार.

त्या तशाच, घरातल्या चपलांवर, तीन मजले चढून गेल्या.

डॉक्टरीणबाई गादीवर बसून पाव आणि चीज खात होत्या. "क्रालबाई, विमा कंपनीचं उत्तर येईपर्यंत मला तुमच्याशी बोलायचं नाही."

"नका बोलू. किल्ल्या दाखवा."

"कशाला?"

"बोलायचं नाही म्हणालात ना? मग नुसत्या दाखवा!"

डॉक्टरीणबाईंनी वैतागून जुडगा पुढे केला. एकावर आकडा होता एक. दुसरीवर दोन.

"तुम्हाला किल्ल्या किती दिल्या?"

"तीन. करारात लिहिलंय तीन."

"एक, दोन आणि ही माझ्याकडची चार. तुम्ही डॉक्टर आहात, मोजता येत असेल. तीन नंबरची कुठे आहे?"

डॉक्टरीणबाईंच्या हातातला पाव तसाच राहिला. क्रालबाई थांबल्या नाहीत. त्यांना आणखी एक गोष्ट बघायची होती, आणि ती बघेपर्यंत तोंड उघडायचं नव्हतं.

तळघरात विजेचे मीटर ओळीने लावलेले होते, प्रत्येकाखाली चिठ्ठी. 'तिसरा, डावा' म्हणजे डॉक्टरीणबाई. 'तिसरा, उजवा' म्हणजे टिलो वेसेल, जो हॅम्बुर्गला निघून गेला होता. त्याचं घर ब्रूकसाहेबांनी गुरुवारी सकाळी एकट्यानेच ताब्यात घेतलं होतं, टिलोने तसं लिहून दिलं होतं. ताबापत्राची प्रत रिवाजाप्रमाणे क्रालबाईंच्या पेटीत पडली होती, आणि आता त्यांच्या हातात होती. ब्रूकसाहेबांचं अक्षर वळणदार होतं. 'स्वयंपाकघर काढून नेले आहे. घर रिकामे, झाडून साफ. मीटर १८२०४.'

क्रालबाईंनी मीटरवर बॅटरी धरली.

१८२०९. आणि खालचा लाल दिवा लुकलुकत होता.

रिकाम्या घरात, तीन दिवसांत, पाच युनिट. भिंती काही वीज खात नाहीत. रात्रंदिवस न थांबता वीज खाणारी वस्तू घरात एकच असते, आणि ती स्वयंपाकघरात असते.

५

"टिलो, मी गेटवरची क्रालबाई. स्वयंपाकघर पोचलं का तुझं?"

"पोचलं की!" फोनवर टिलो वेसेल नुकताच उठलेला वाटत होता. "गुरुवारी आलं. गोदामात ठेवलंय, नव्या घराचं रंगकाम चाललंय. काय झालं?"

"उघडून पाहिलंस?"

"कशाला? माझंच तर आहे. चार वर्षं बघितलंय."

"कुठला रंग तुझ्या स्वयंपाकघराचा?"

"पांढरा. क्रालबाई, रविवारी सकाळी—"

"गोदामात जा आणि एक खोकं उघड. जाईपर्यंत मला एवढं सांग, सामान काढणाऱ्या कामगारांना तू काय लिहून दिलं होतंस?"

"साधं होतं हो. फक्त स्वयंपाकघर काढा, दुसऱ्या कशाला हात लावू नका, भोकं बुजवा, झाडून साफ करा. तिसरा मजला, डावीकडचं घर."

क्रालबाईंनी डोळे मिटून घेतले.

"टिलो. तू उजवीकडे राहत होतास."

"काहीतरीच काय! चार वर्षं राहिलो मी. लिफ्टमधून बाहेर पडलं की डावीकडे."

"आणि जिन्याने वर आलं की?"

"जिन्याने कोण येतं?"

क्रालबाईंनी फोन कानापासून लांब धरला, नाहीतर त्या काय बोलल्या असत्या सांगता येत नाही. या शहरात डावं-उजवं जिन्यावरून ठरतं. करार, किल्ल्यांच्या चिठ्ठ्या, मीटर, टपाल, सगळं जिन्याने वर येणाऱ्या माणसाच्या डाव्या-उजव्या हाताने चालतं. लिफ्ट आली ती नेमकी समोरच्या टोकाला. म्हणजे लिफ्टवाल्याचं डावं ते जिनेवाल्याचं उजवं. आणि टिलो चार वर्षांत एकदाही जिना चढला नव्हता. दारावर नावं असती तर कामगारांनी पाटी वाचून तरी विचारलं असतं. पाट्या नव्हत्या. कागदावर डावं म्हणून डावं, स्वयंपाकघर म्हणून स्वयंपाकघर. बश्या कागदावर नव्हत्या, म्हणून बश्या बिचाऱ्यांनी गुंडाळून ठेवल्या.

"करारात उजवं लिहिलंय, गाढवा," त्या शेवटी म्हणाल्या.

"करार कोण वाचतं, क्रालबाई?"

"बरं. तू तर सोमवारीच गेलास. मग बुधवारी त्या कामगारांना दार कुणी उघडून दिलं?"

टिलोने नाव सांगितलं. मग तो गोदामात गेला, आणि अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाईंच्या फोनवर एक फोटो आला. खोक्यातून बाटलीसारखं हिरवं दार डोकावत होतं.

६

सोमवारी दहाला ब्रूकसाहेब नोटीस घेऊन आले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर तिघं त्यांची वाट बघत होते. क्रालबाई, डॉक्टरीणबाई आणि भिंतीला टेकून क्लेम मिस्त्री.

"आपण खाली बोलू," ब्रूकसाहेब म्हणाले.

"इथेच बोलू," क्रालबाई म्हणाल्या. "बाईंचं स्वयंपाकघर सापडलं. हॅम्बुर्गला आहे, टिलोच्या गोदामात."

ब्रूकसाहेबांनी आश्चर्य दाखवलं, पण जरा उशिराच. "अरे वा! म्हणजे कामगार चुकीच्या घरात घुसले? मग प्रश्नच मिटला. त्यांची चूक."

"घुसले नाहीत. दार फोडलेलं नव्हतं, हे तुम्हीच सांगितलंत. त्यांना किल्ली दिली गेली. टिलो म्हणतो, त्याच्या किल्ल्या सोमवारपासून तुमच्याकडे होत्या आणि बुधवारी दार तुम्ही उघडून देणार होतात."

"दिल्या असतील त्याच्या किल्ल्या. त्या किल्ल्यांनी हे दार उघडत नाही."

"नाहीच उघडत. म्हणून तुम्ही त्या दिल्या नाहीत. कामगारांचा कागद तुमच्या ऑफिसात आला होता, तिसरा डावा. तुम्हाला होती घाई. ऑफिसच्या खुंटीवरून 'तिसरा डावा' अशी चिठ्ठी असलेली किल्ली काढलीत आणि गेटवरच त्यांच्या हातात ठेवलीत. वर आलातसुद्धा नाही. तीन नंबरची किल्ली, ब्रूकसाहेब. बाईंना तुम्ही एक, दोन आणि चार दिल्यात."

डॉक्टरीणबाई आता पुढे आल्या, आणि सहा फुटांचं माणूस पुढे आलं की मागे सरकावंच लागतं. "माझ्या घराची किल्ली तुमच्या खुंटीवर? मी आत झोपलेली असताना?"

"कधी आग लागली, नळ फुटला तर असू द्यावी म्हणून..." ब्रूकसाहेब एक पाऊल मागे सरकले. "बरं, चूक झाली असेल. माणूस आहे. पण मला कसं कळणार की—"

"तुम्हाला गुरुवारी सकाळी कळलं." क्रालबाईंनी ताबापत्र पुढे धरलं. "इथे लिहिलंय, स्वयंपाकघर काढून नेले आहे, घर रिकामे. अक्षर तुमचं. आणि तळघरातला मीटर कालच तुमच्या आकड्याच्या पाच युनिट पुढे होता. समोरच्या घरात आत्ताही फ्रिज चालू आहे. कामगार काढतील म्हणून टिलोने तो चालूच सोडला होता. तुम्ही गुरुवारी ते दार उघडलंत आणि अख्खं पांढरं स्वयंपाकघर समोर उभं बघितलंत. तिथेच तुम्हाला सगळा घोळ कळला. मग तुम्ही इथे येऊन या घरातही डोकावलात, तीन नंबरची किल्ली लावून. नाहीतर बुजवलेली भोकं तुम्हाला कशी माहीत? मिस्त्रीला हात फिरवावा लागला. बाईंना दिसली नाहीत. आणि शुक्रवारी तुम्ही दारातून बोललात, भोकं बुजवून, झाडून."

"भोकं बुजवून, झाडून," मिस्त्री म्हणाले. "बाकी काम उत्तम होतं हां."

"गुरुवारी सकाळी एक फोन केला असतात," क्रालबाईंचा आवाज चढला, "तर बाई यायच्या आत ट्रक परत फिरला असता! चूक टिलोची, घाई तुमची, इथवर मी काही बोलले नसते. घाई सगळ्यांनाच असते इथे. पण तुम्ही गप्प बसलात, खोटा कागद केलात आणि खापर फोडायला माझं डोकं शोधलंत. का? माझंच का?"

ब्रूकसाहेब जमिनीकडे बघत होते. नोटिशीचं पाकीट त्यांच्या हातात वाकडं झालं होतं.

"मुख्य ऑफिस वर्षभर मागे लागलंय," ते हळूच म्हणाले. "गेटपाशी पार्सलची कपाटं लावायची आहेत. ते युनिट रिकामं करा, रिकामं करा. मला वाटलं, एकाच वेळी दोन्ही कामं... मी तुमचा असा विचारच केला नव्हता, क्रालबाई. आराखड्यात ते नुसतं एकोणचाळीस चौरस मीटर दिसतं."

डॉक्टरीणबाई क्रालबाईंकडे वळल्या. "मी तुमच्यावर संशय घेतला. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. मला लाज वाटते."

"वाटायलाच हवी," क्रालबाई म्हणाल्या. "वाटली ते बरं झालं."

"किल्लीबद्दल मी वकिलाकडे जाणार आहे," डॉक्टरीणबाई ब्रूकसाहेबांना म्हणाल्या. "आज जाईन की उद्या, आणि तुमच्या कंपनीबद्दल काय काय सांगेन, ते या बाईंचं काय होतं यावर आहे."

७

क्रालबाईंनी ब्रूकसाहेबांना गेटवर नेलं. दारात ते थांबले.

"किती वेळा आलात या घरात?" क्रालबाईंनी विचारलं.

"कधीच नाही."

"मग या. पाय पुसा."

ब्रूकसाहेबांनी पाय पुसले आणि आत आले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. भिंतीवर लग्नाचा फोटो होता, शेगडीवर सूप होतं, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या होत्या, आणि कोपऱ्यात एक खुर्ची होती तिच्यावर कुणी बसत नसावं, कारण तिच्यावर पुरुषाची टोपी होती. क्रालबाईंनी त्यांना टेबलाशी बसवलं.

"आता तुमच्या मोठ्या साहेबांना फोन लावा. जे झालं ते सगळं, माझ्यासमोर सांगा. नोटीस मागे घेतली हेही सांगा."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल किंवा राहील. माझी तुम्ही शुक्रवारी सकाळी नऊला, दोन मिनिटांत घेतली होती. लावा."

त्यांनी फोन लावला. एकदा सुरू झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, किल्ली, कागद, फ्रिज, सगळं. मध्ये कान लाल झाले. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. मग ब्रूकसाहेबांनी फोनवर हात ठेवला.

"ते म्हणताहेत, नोटीस मागे घेऊ, वकील नको. पण दुसरीकडे चांगली जागा शोधून दिली, सामान हलवण्याचा खर्च दिला, तर तुम्ही आपणहून हे युनिट..."

क्रालबाई नुसत्या बघत राहिल्या. ब्रूकसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्या टोपीकडे, मग परत त्यांच्याकडे. त्यांनी फोनवरचा हात काढला.

"नाही साहेब," ते म्हणाले. "नाही, त्या जाणार नाहीत. विचारायची गरजच नाही. हो, खात्री आहे. कारण मी आत्ता त्यांच्या घरात बसलोय."